रोजच्या वस्तूंमधले कोन: ओळखायचे कसे, मोजायचे कसे आणि चुकते कुठे

कात्री थोडीशी उघडा. मग आणखी उघडा. पात्यांची लांबी तेवढीच राहिली, तरी काहीतरी वाढले: एक पाते दुसऱ्यापासून जास्त वळले. हे वळणे किती झाले, ते सांगणारे माप म्हणजे कोन. कोन म्हणजे वळण, एवढे पक्के ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते आणि वहीतल्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

कात्रीची दोन पाती म्हणजे कोनाच्या दोन भुजा. ती जिथे खिळ्याने जोडलेली असतात, तो शिरोबिंदू. कुठल्याही वस्तूत कोन शोधताना आधी शिरोबिंदू शोधायचा, मग त्यातून निघणाऱ्या दोन भुजा. दाराची बिजागरी, घड्याळाच्या काट्यांचा मध्य, तुमचे कोपर, चिमट्याची जोडणी, पुस्तकाचा कणा या सगळ्या शिरोबिंदूच्या जागा आहेत.

भुजा लांब म्हणून कोन मोठा, असे वाटणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. ती स्वतः तपासून पाहा. कागदावर ४० अंशांचा एक कोन काढा, त्याच्या भुजा ३ सेंटीमीटरच्या ठेवा. शेजारी ४० अंशांचाच दुसरा कोन काढा, पण भुजा १२ सेंटीमीटरच्या. पहिला कोन पातळ कागदावर गिरवून घ्या आणि तो कागद दुसऱ्या कोनावर ठेवा. शिरोबिंदू आणि एक भुजा जुळवली की दुसरी भुजाही तंतोतंत बसते. भिंगाच्या मध्यभागातून कोन पाहिला तर रेषा लांब आणि जाड दिसतील, पण कोन तेवढाच राहील. (भिंगाच्या कडेला सरळ रेषाच वाकड्या दिसतात, म्हणून मधूनच पाहायचे.)

एका वहीत सातही प्रकार

कोनांचे प्रकार पाठ करण्याआधी ते हाताने करून पाहावेत. त्यासाठी स्पायरलची वही सर्वांत चांगली, कारण तिचे पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ पूर्ण मागे वळते. वही टेबलावर उभी धरा, स्पायरल खाली-वर अशी उभी राहू द्या आणि वरून पाहा. आतली पाने आणि मागचे पुठ्ठे एका हाताने स्थिर धरा. दुसऱ्या हाताने फक्त पुढचे पुठ्ठे फिरवा.

वही बंद आहे, तेव्हा पुढचे पुठ्ठे अजून वळलेलेच नाही. हा शून्य कोन, ०°. पुठ्ठे जरा उघडले की लघुकोन झाला. ०° पेक्षा जास्त आणि ९०° पेक्षा कमी असलेला प्रत्येक कोन लघुकोन असतो, मग तो ५° असो की ८९°. आणखी उघडत पोस्टकार्डाचा कोपरा आत नेमका बसेल इथपर्यंत आणा. हा काटकोन, बरोबर ९०°. त्याच्या पुढे गेले की विशालकोन, म्हणजे ९०° ते १८०° च्या मधला कोणताही. मग वही सपाट उघडी पडते आणि दोन्ही पुठ्ठी एका रेषेत येतात. हा सरळ कोन, १८०°. इथे पुष्कळ मुले अडखळतात. 'ही तर नुसती रेषा आहे, कोन कुठे आहे?' असे त्यांना वाटते. पण पुठ्ठे अर्धा फेरा वळले आहे आणि स्पायरल हा शिरोबिंदू जागेवरच आहे, म्हणून तो कोनच.

आता थांबू नका. पुठ्ठे मागच्या बाजूला वळवत राहा. १८०° च्या पुढे आणि ३६०° च्या आत जो कोन होतो तो प्रविशाल कोन. शेवटी पुढचे पुठ्ठे मागच्या पुठ्ठ्याला पाठीमागून टेकते, तेव्हा एक फेरा पूर्ण झाला. हा पूर्ण कोन, ३६०°.

शून्य कोन आणि पूर्ण कोन कागदावर अगदी सारखे दिसतात, कारण दोन्हींत भुजा एकमेकींवर असतात. फरक वळणात आहे. बंद वही आणि पूर्ण मागे दुमडलेली वही यांत जो फरक, तोच.

अंश हे माप कसे, तेही इथेच बघू. पूर्ण फेऱ्याचे ३६० सारखे भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ अंश. ३६० ही संख्या सोयीची आहे, कारण तिला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ अशा कितीतरी संख्यांनी नि:शेष भाग जातो. तिचे एकूण २४ विभाजक आहेत. म्हणून अर्धा, पाव, तिसरा, सहावा, आठवा असा कोणताही फेरा पूर्ण अंशांतच येतो. गोल केकचे ८ सारखे तुकडे केले तर प्रत्येकाच्या टोकाशी ४५°, ६ केले तर ६०°. तीन पात्यांच्या पंख्यात शेजारच्या दोन पात्यांमध्ये १२०°, चार पात्यांच्या पंख्यात ९०°.

कागदाचा काटकोन्या

काटकोन ओळखता आला की निम्मे काम झाले, कारण लघु की विशाल हे त्याच्याशी तुलना करूनच ठरते. सुतार आणि गवंडी त्यासाठी गुण्या वापरतात. आपण तो कागदाचा करू.

१. पातळ कागदाचा तळहाताएवढा तुकडा घ्या. कडा मुद्दाम वेड्यावाकड्या फाडलेल्या असू द्या.
२. कागद कुठेही एकदा दुमडा. घडी पट्टीने घासून धारदार करा.
३. आता घडीची रेषा स्वतःवरच तंतोतंत येईल अशी दुसरी घडी घाला.
४. दोन घड्या जिथे मिळतात तो कोपरा म्हणजे काटकोन.

कडा वाकड्या असूनही कोपरा बरोबर ९०° चा कसा झाला? पहिली घडी ही सरळ रेषा, म्हणजे तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूपाशी १८०°. ती स्वतःवर दुमडली की त्याचे दोन सारखे भाग पडले, प्रत्येकी ९०°. हाच कोपरा आणखी एकदा अर्धा दुमडला की ४५° मिळतात. जाड कागद किंवा पुठ्ठा मात्र वापरू नका. प्रत्येक घडीत जाडी वाढते, आतली घडी बाहेरच्या घडीवर नीट बसत नाही आणि कोपरा एक-दोन अंशांनी चुकतो.

हा काटकोन्या घेऊन खोलीभर फिरा. टेबल, खिडकी, फरशी, वही, दाराची चौकट. कोपरा आणि काटकोन्या यांच्यात फट राहिली नाही तर काटकोन. वस्तूच्या कोपऱ्यातून काटकोन्याचे टोक बाहेर डोकावले तर तो लघुकोन. काटकोन्याच्या शेजारी वस्तूचा भाग उरला तर विशालकोन. वस्तू तिरपी ठेवून पुन्हा बघा. पुस्तक कसेही फिरवले तरी त्याचा कोपरा ९०° चाच राहतो. काटकोन म्हणजे एक रेषा आडवी आणि एक उभी असलीच पाहिजे, हा समज इथेच सुटतो. तसे उभ्या-आडव्यातले काटकोन अक्षरांतही सापडतात: शिरोरेघ आणि काना जिथे भेटतात तिथे बघा.

खोलीच्या कोपऱ्यासारख्या मोठ्या जागी एवढासा कागद पुरत नाही. भिंतीचे पोपडे, रंगाचा थर यांमुळे तो फसतो. तिथे ३-४-५ ची युक्ती वापरा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३० सेंटीमीटरवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर ४० सेंटीमीटरवर. दोन खुणांमधले सरळ अंतर ५० सेंटीमीटर आले तर कोपरा काटकोन आहे. ५० पेक्षा कमी आले तर लघुकोन, जास्त आले तर विशालकोन.

कंपासपेटी जवळ नसताना ६०° आणि ३०° सुद्धा घडीने मिळतात. आयताकृती कागदाच्या दोन लांब कडा एकमेकींवर आणून मधोमध उभी घडी घाला आणि उलगडा. आता खालचा डावा कोपरा उचलून त्या मधल्या घडीवर टेकवा, पण नवी घडी खालच्या उजव्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. उलगडण्याआधी उजव्या कोपऱ्याकडे बघा: त्याच्या ९०° चे ३०° चे तीन सारखे भाग पडलेले दिसतील. कोपरा मधल्या घडीवर नेमका टेकला नाही तर दोन भाग सारखे येतात पण तिसरा वेगळा येतो, म्हणून घाईने घडी दाबू नका.

दार: कोन आणि अंतर यांतला फरक

बंद दार हळूहळू उघडा. कडी असलेला काठ केवढी जागा फिरला आणि बिजागरीजवळचा भाग केवढा, ते बघा. बिजागरीपासून ८० सेंटीमीटरवरचा बिंदू दार ९०° उघडताना सुमारे १२६ सेंटीमीटर चालतो. १० सेंटीमीटरवरचा बिंदू जेमतेम १६ सेंटीमीटर. तरी दोघेही ९०° च वळले.

कोन मोजायचा असेल तर बंद दाराच्या खालच्या काठालगत जमिनीवर खडूने रेषा मारा. दार उघडून त्याच काठालगत दुसरी रेषा मारा. दोन्ही वेळा दाराची तीच बाजू धरायची. एकदा आतली आणि एकदा बाहेरची धरली तर दाराची जाडी मधे येते. रेषा बिजागरीच्या दिशेने वाढवा. त्या भेटतील तिथे कोनमापक ठेवा.

कोनमापक ठेवण्याची रीत

सर्वांत जास्त गुण इथेच जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मोजण्याआधी अंदाज करा. कोन लघु आहे की विशाल, एवढे तरी वहीत लिहा. काटकोन्या लावून पाहिला तरी चालेल. हा अंदाज पुढे तुम्हाला वाचवणार आहे.

मग कोनमापकाचा मध्यबिंदू शिरोबिंदूवर ठेवा. कोनमापकाची खालची प्लास्टिकची कड ही बहुधा ०° ची रेषा नसते. ती रेषा कडेपासून काही मिलिमीटर वर छापलेली असते आणि मध्यबिंदू तिच्यावर असतो. कडच शिरोबिंदूला लावली की माप काही अंशांनी चुकते. ०° ची छापील रेषा एका भुजेवर नीट बसवा.

आता वाचन. कोनमापकावर दोन मापपट्ट्या असतात. बाहेरची एका बाजूने ० पासून १८० पर्यंत वाढते, आतली उलट बाजूने. तुम्ही ज्या भुजेवर ०° ची रेषा बसवली, तिच्याजवळ ज्या पट्टीचा ० आहे तीच पट्टी धरायची आणि ०, १०, २०, ३० असे बोट फिरवत दुसऱ्या भुजेपर्यंत जायचे. दुसरी पट्टी धरली तर ६०° च्या जागी १२०° मिळतात, ३५° च्या जागी १४५°. एकाच खुणेवरच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १८० असते. फक्त ९० दोन्ही पट्ट्यांवर सारखा असतो. आधीचा अंदाज इथे उपयोगी पडतो: लघुकोन लिहिला आहे आणि माप १४५° आले, तर चुकीची पट्टी वाचली गेली.

भुजा आखूड असेल आणि अंशांच्या खुणांपर्यंत पोचत नसेल तर टोकदार पेन्सिलने पट्टी लावून ती वाढवा. कोन बदलत नाही. डोळ्यांच्या अदमासाने 'इथे कुठेतरी पोचली असती' असे धरू नका. वाचताना डोळा खुणेच्या बरोबर वर असावा. बाजूने पाहिले तर प्लास्टिकच्या जाडीमुळे एखादा अंश इकडे-तिकडे होतो.

प्रविशाल कोन अर्धगोल कोनमापकावर मावत नाही. तिथे उरलेला लहान कोन मोजायचा आणि ३६० मधून वजा करायचा. लहान कोन ११०° असेल तर प्रविशाल कोन २५०°. दोन भुजांमध्ये नेहमीच असे दोन कोन असतात, म्हणून आकृतीत कोणता कोन म्हणायचा आहे तिथे छोटा कंस काढायची सवय लावा.

स्वतःला तपासायचे असेल तर मोठा त्रिकोण काढून तिन्ही कोन मोजा. बेरीज १८०° यायला हवी. १७९° किंवा १८१° आले तर हात चांगला बसला आहे. १७० च्या आसपास आले तर मध्यबिंदू पुन्हा नीट ठेवायला हवा.

वस्तूवरचा कोन कागदावर आणणे

खुर्चीची पाठ, लॅपटॉपचा उघडा पडदा, टेबलाचा तिरपा पाय इथे कोनमापक थेट लावता येत नाही. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, प्रत्येकी २० सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद. लांब कडा एकमेकींना समांतर असल्याच पाहिजेत, नाहीतर साधन निरुपयोगी. प्रत्येक पट्टीच्या एका टोकापासून १ सेंटीमीटरवर, रुंदीच्या मधोमध भोक पाडा. त्या टोकांना अर्धगोल आकार द्या. ते चौकोनी राहिले तर कोपऱ्यात अडतात. दोन्ही भोके एकावर एक ठेवून पसरट पायांच्या पिनेने पट्ट्या घट्ट जोडा. उचलल्यावर पट्ट्या आपोआप हलत असतील तर जोड सैल आहे.

वस्तूचा कोपरा पट्ट्यांच्या मधे येत असेल तर आतल्या कडा टेकवा. पट्ट्या एखाद्या कोपऱ्यात शिरवायच्या असतील तर बाहेरच्या कडा. मग साधन न हलवता कागदावर ठेवा, ज्या कडा टेकवल्या होत्या त्याच गिरवा आणि पट्टीने रेषा एकमेकींना मिळेपर्यंत वाढवा. शिरोबिंदू तिथे आहे, पिनेच्या भोकाशी नाही. भोकावर कोनमापकाचा मध्य ठेवणे ही इथली नेहमीची चूक.

वस्तूचा फोटो काढून त्यावर कोन मोजण्याचा मोह होतो. कॅमेरा वस्तूच्या अगदी समोर नसेल तर दाराचा काटकोनसुद्धा फोटोत लघु किंवा विशाल दिसतो. वस्तूच मोजावी.

घड्याळ

घड्याळात १२ आकडे आहेत, म्हणून शेजारच्या दोन आकड्यांमध्ये ३६० ÷ १२ = ३०°. १ वाजता काट्यांत ३०°, २ वाजता ६०°, ३ वाजता ९०°, ४ वाजता १२०°, ५ वाजता १५०° आणि ६ वाजता सरळ कोन.

साडेतीनला किती? मिनिटकाटा ६ वर, तासकाटा ३ वर, म्हणजे ९०°, हे उत्तर चुकीचे आहे. साडेतीनला तासकाटा ३ आणि ४ च्या बरोबर मधे सरकलेला असतो. तो एका तासात ३०° जातो, म्हणजे अर्ध्या तासात १५°. म्हणून कोन ९० वजा १५, म्हणजे ७५°. काटकोन नव्हे, लघुकोन. साडेतीननंतर काटकोन होतो तो ३ वाजून सुमारे ३२ मिनिटे ४४ सेकंदांनी.

कोणत्याही वेळेसाठी रीत अशी. मिनिटकाटा दर मिनिटाला ६° जातो, तासकाटा अर्धा अंश. दोघांचीही मोजणी १२ पासून करा. १० वाजून १० मिनिटे ही वेळ घ्या. मिनिटकाटा १० × ६ = ६०° वर. तासकाटा १० × ३० = ३००°, अधिक १० मिनिटांचे ५°, म्हणजे ३०५° वर. फरक २४५°. हा प्रविशाल कोन झाला. दुसऱ्या बाजूचा कोन ३६० − २४५ = ११५°, विशालकोन. १२ तासांत काट्यांमध्ये २२ वेळा काटकोन होतो, २४ नव्हे. कोणत्या दोन वेळा कमी झाल्या, ते घड्याळाचे काटे फिरवून शोधण्यासारखे आहे.

उतार आणि शिडी

उतार मोजायला कोनमापकाच्या मध्यबिंदूच्या भोकातून २५-३० सेंटीमीटरचा दोरा ओवा आणि टोकाला लोखंडी नट बांधा. कोनमापक उलटा धरा, सरळ कड वर आणि गोल भाग खाली. कड सपाट जमिनीला समांतर असेल तर दोरा ९० वर लटकतो. आता एक लांब पट्टी उताराच्या कडेबाहेर डोकावेल अशी त्यावर ठेवा आणि कोनमापकाची कड पट्टीच्या खालच्या बाजूला लावा, म्हणजे दोऱ्याला मोकळी जागा मिळेल. दोरा ७८ वर आला तर उतार ९० − ७८ = १२°. नट डोलत असेल तर थांबा, आणि दोरा प्लास्टिकला घासत असेल तर कोनमापक अगदी जरासा पुढे झुकवा.

चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बहुधा १२ मीटर लांबीला १ मीटर चढ असा ठेवतात. तो ५° पेक्षाही थोडा कमी भरतो. म्हणजे सहज चढता येणारा उतार किती लहान कोनाचा असतो, ते ध्यानात येईल.

भिंतीला टेकवलेली शिडी जमिनीशी साधारण ७५° चा कोन करते तेव्हा ती सुरक्षित मानतात. त्यासाठी ४ मीटर उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून १ मीटर दूर ठेवतात. कोन फार लहान झाला तर पाय घसरतो, फार मोठा झाला तर शिडी माणसासकट मागे कलंडते. अशी शिडी जमिनीशी ७५° करते तेव्हा भिंतीशी १५° करते. बेरीज ९०°, म्हणून हे कोटिकोन. उघडलेल्या कात्रीतही जोड्या आहेत. पात्यांमधला कोन आणि मुठींमधला कोन समोरासमोर असतात. हे विरुद्ध कोन. पाती आणि मुठी एका सरळ रेषेत असलेली कात्री ४०° उघडली की मुठींच्या बाजूलाही ४०° असतात, आणि बाजूच्या दोन कोनांत प्रत्येकी १४०°. ४० आणि १४० यांची बेरीज १८०, म्हणून ते पूरक कोन.

एका बिंदूभोवती ३६०°

फरशीवर चार चौकोनी लाद्या जिथे मिळतात तो बिंदू बघा. चार काटकोन, ३६०°, फट नाही. मधमाश्यांच्या पोळ्यात षटकोन असतात. त्यांचा प्रत्येक कोन १२०°, तीन एकत्र आले की पुन्हा ३६०°. सारख्या बाजूंचा आणि सारख्या कोनांचा पंचकोन घ्या: त्याचा कोन १०८°. तीन ठेवले तर ३२४° होतात आणि ३६° ची फट उरते, चौथा तिथे मावत नाही. पुठ्ठ्याचे पंचकोन कापून हे करून पाहा.

काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षटकोनांचा जुन्या पद्धतीचा फुटबॉल मिळाला तर त्याच्या एका शिवणीच्या टोकाशी बोट ठेवा. तिथे एक पंचकोन आणि दोन षटकोन भेटतात. १०८ + १२० + १२० = ३४८°. हे तुकडे कागदाचे कापून टेबलावर सपाट मांडले तर १२° ची फट राहते. ती फट मिटवून कडा चिकटवल्या की कागद टेबलावरून वर उचलला जातो. चेंडूला गोलाई येते ती तिथूनच.